गच्चीवरचा निकाल

"थांबा, येतंय."

एवढं म्हणून तो उजवा हात डोक्याच्या वर नेई, हातातला फोन आभाळाकडे धरी आणि मान मागे टाकून, एक डोळा मिटून, त्या इवल्याशा पडद्याकडे बघत राही. बराच वेळ काहीच येत नसे. तरी खाली उभी असलेली चार माणसं माना वर करून त्याच्याबरोबर थांबत. तुमच्याही गल्लीत त्या काळात असा एखादा असणार, आठवून बघा. मोबाईल हळूहळू सगळ्यांकडे यायला लागले होते, पण मोबाईलवर इंटरनेट म्हणजे काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं. ज्याला ते माहीत आहे असं वाटे, त्याचा भाव एकदम वधारला होता. आमच्या गल्लीत तो होता. गल्ली त्याला साहेब म्हणे. मी तेव्हाही म्हणत नव्हतो आणि आता तो गेल्यावरही म्हणणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं आणि किती सोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. नाशिकच्या सिडकोत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, माझं एसटीडीचं दुकान होतं. काचेची केबिन, पिवळी पाटी, बाजूला एक झेरॉक्सचं मशीन. तो मोटारसायकल थांबवून केबिनवर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "ही जपून ठेव रे. पुढं लोक तिकीट काढून बघायला येतील." असल्या माणसाबद्दल मला प्रेम वाटायचं कारण नव्हतं. पण माझा राग दुकानाचा नाही. दुकान तसंही बसणारच होतं.

तो द्राक्षाच्या औषधांच्या एका कंपनीचा प्रतिनिधी होता. आठवड्यातले बरेच दिवस विंचूर, देवळा, मालेगाव असा फिरायचा आणि उरलेले दिवस गल्लीत मिरवायचा. फोन त्यानं मुंबईहून आणला होता. त्यात जीपीआरएस होतं. हा शब्द तो असा उच्चारायचा, जणू ते त्याच्या घरातल्या कुणाचं नाव आहे. रेंज फक्त त्याच्या गच्चीवर यायची, तीही पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात. त्यामुळे गल्लीचं सगळं इंटरनेट त्या टाकीला टेकून उभं असे.

लोडशेडिंगच्या दिवसांत त्याला फारच ऊत यायचा. मॅच रंगात आलेली, वीज गेलेली, टीव्ही बंद. मग पोरंटोरं, म्हातारे, सगळे त्याच्या गच्चीखाली गोळा व्हायचे. तो वरून स्कोअर ओरडायचा. माझ्याकडे सेलवरचा रेडिओ होता, त्यामुळे तो ज्याला नाबाद सांगतोय तो केव्हाच तंबूत परतलाय हे मला कळायचं. एकदा मी तसं बोललोही. गल्लीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला आउट केलं होतं. तो वरून म्हणाला, "रेडिओवाला माणूस बोलतो, चुकू शकतो. स्क्रीनवर आलं की आलं."

हे त्याचं दुसरं पेटंट वाक्य. स्क्रीनवर आलं की आलं.

सकाळी तो बायकांना राशिभविष्य वाचून दाखवायचा. समोरच्या काकूंची रास तूळ, त्यांच्या सुनेची मीन आणि कोपऱ्यावरच्या शिक्षकीण बाईंची सिंह. एके दिवशी तिघींनाही 'प्रवासात जपा, पोटाचे विकार संभवतात' असंच निघालं. बायका हसल्या. सून म्हणाली, सासूचं पोट बिघडलं की माझं बिघडतंच. त्या फोनची खोड अशी होती, की नवं पान उघडलं नाही तर तो मुकाट्यानं आधीचंच पान पुन्हा दाखवायचा. पडदा काड्यापेटीएवढा. नाव किंवा रास पानाच्या वरच्या टोकाला असायची आणि तिथवर जायला बटण दाबत दाबत वर सरकावं लागे. तो कधीच वर सरकत नसे. मधला मजकूर दिसला की वाचायला सुरुवात. भविष्यात ते खपून गेलं, कारण पोट सगळ्यांचंच कधीतरी बिघडतं.

तो दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. या सगळ्याचा त्यानं कधी कुणाकडून छदाम घेतला नाही. उन्हातान्हात टाकीजवळ उभा राहायचा, बायको जेवायला हाका मारायची तरी खाली यायचा नाही. लोकांना आपली गरज आहे या एका गोष्टीवर त्याचं पोट भरायचं. असली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि मला माहीत नाही हेही म्हणता येत नाही.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगतो. मनीषा माझ्याहून बरीच लहान. बारावी सायन्सला होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. आमचे वडील, आबा, सातपूरच्या कारखान्यात होते, पण मूळचे देवळ्याकडचे. तिकडून तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. कांद्याचा व्यापार, चांगलं घर, मुलगाही बरा. आबांना स्थळ सोडवत नव्हतं आणि मनीषाला शिक्षण सोडवत नव्हतं. शेवटी घरात एक तह झाला, माझ्यासमोर झाला. आबा म्हणाले, "पास झाली तर शिक. देवळ्याला मी नाय म्हणून सांगतो. नापास झाली तर मग माझं ऐकायचं." तिनं मान डोलावली. देवळ्याच्या माणसांना आबांनी निकालापर्यंत थांबायला सांगितलं, आणि तेही थांबले.

निकालाच्या दिवशी सायबर कॅफेंसमोर रांगा लागल्या होत्या. आतून येणारा जो तो सांगायचा, साईटच उघडत नाही. मग गल्लीनं काय करावं हे मी सांगायला नको. बारावीची सगळी मुलं आणि त्यांचे आईबाप त्याच्या गच्चीवर. प्रत्येकानं चिठ्ठीवर बैठक क्रमांक लिहून आणलेला. मी दुकानात होतो. पास झालेल्यांचे आईबाप गावोगावच्या नातेवाइकांना फोन करायला माझ्याकडे येत होते, त्यामुळे मला हलता येत नव्हतं. गच्चीवर काय झालं ते आबांनी आणि मनीषानं नंतर सांगितलं.

तिच्या आधी मागच्या गल्लीतला एक मुलगा होता. तो नापास निघाला आणि जिना उतरून गेला. मग गच्चीच्या मालकानं मनीषाचा क्रमांक टाकला. थांबा, येतंय. हात वर, मान मागे. बऱ्याच वेळानं हात खाली आला. तो मनीषाशी नाही, आबांशी बोलला. म्हणाला, "राहिली. फिजिक्स." आबांनी विचारलं, किती पडले. त्यानं पुन्हा पडद्यात बघितलं आणि सांगितलं, एकोणतीस. आबांनी विचारलं, नीट बघितलं का. तेव्हा त्यानं आपलं ते स्क्रीनचं वाक्य ऐकवलं आणि पुढची चिठ्ठी हातात घेतली.

संध्याकाळी मी म्हटलं, गर्दी ओसरली असेल, मी सायबरमध्ये जाऊन बघून येतो. मनीषाच नको म्हणाली. फिजिक्सचा पेपर देऊन आली होती तेव्हा ती खूप रडली होती, एक आख्खा प्रश्न लिहायचा राहून गेला होता. तिला वाटलं, झालं ते झालंच. नापास झाल्याचं पुन्हा एकदा बघायला कोण जातं? आबा माझ्या दुकानात आले, केबिनचं दार लावून घेतलं आणि देवळ्याला होकार कळवला.

त्याच रविवारी सुपारी फुटली. आमच्यात सुपारी फुटली की लग्न ठरलं. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसतात, सुपारी फोडतात, तिचे तुकडे सगळ्यांच्या हातावर ठेवतात. त्यानंतर मागे फिरणं म्हणजे पोरीच्या नावाला बट्टा आणि बापाच्या शब्दाला काडीची किंमत नाही. आमचा इंटरनेटवालाही इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सगळ्यांचा त्यानं मोबाईलवर फोटो काढला आणि देवळ्याच्या पाहुण्यांना हा फोटो मी आत्ता इथून कुठंही पाठवू शकतो म्हणून सांगितलं. होणाऱ्या सासूबाईंनी मनीषाचं शिक्षण विचारलं, तेव्हा आबांच्या आधी यानंच उत्तर दिलं. बारावीला एक विषय राहिलाय, मुलगी घरकामाला हुशार आहे.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात गुणपत्रिका मिळाल्या. पुन्हा परीक्षेचा अर्ज तरी भरून ठेवू, म्हणून मनीषा गेली. परत आली ती सरळ माझ्या दुकानात. गुणपत्रिका तिनं काउंटरवर ठेवली. पास होती. फर्स्ट क्लास.

मला आधी काही कळेचना. दुपारी मागच्या गल्लीतल्या त्या मुलाची आई झेरॉक्सला आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, बाकी सगळ्यात बरे आहेत हो, फिजिक्सनं घात केला, एकोणतीसच पडले. मी हातातलं काम तसंच ठेवलं. मला तिघींना निघालेलं ते एकच भविष्य आठवलं. आधीच्या मुलाचं पान पडद्यावर तसंच राहिलं होतं. वर सरकला असता तर नाव दिसलं असतं, मुलाचं नाव. माणूस वर सरकला नाही.

मी तडक त्याची गच्ची गाठली. गुणपत्रिका दाखवली, सगळं सांगितलं. त्याला कळायला वेळ लागला नाही, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. तरी आधी त्यानं फोन काढलाच. टकटक करत कुठं कुठं गेला आणि म्हणाला, "नेटवर्कचा दोष आहे हा. मी काय केलं यात?"

मी आवाज चढवला नाही. त्याचं आजही मला आश्चर्य वाटतं. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. रविवारी आबांबरोबर देवळ्याला यायचं आणि सुपारीला बसलेल्या त्याच चार माणसांसमोर सांगायचं, निकाल मी चुकीचा वाचला. आबांची यात काही लबाडी नाही. मग पुढं काय करायचं ते दोन्ही घरं बघतील. आबा तयार होते. ते मला म्हणाले होते, "त्यो बोलला तर मी पाय धरीन त्यांचे, पण पोरीला शिकवीन. मी एकटा जाऊन बोललो तर लोक म्हणतील, ह्याला दुसरं स्थळ आलं, म्हणून लपवून ठेवलेला पासाचा कागद आता काढतो."

तो "येतो" म्हणाला. दोनदा म्हणाला. वरून म्हणाला, काळजी करू नकोस.

रविवारी आबा टोपी घालून, धोतर नेसून दारात बसले. मनीषा आतबाहेर करत होती. गल्लीत मोटारसायकल वाजली की ती खिडकीशी यायची. ऊन वर आलं तसा मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, ते पहाटेच मालेगावला गेले टूरवर, तुम्हाला बोलले नाहीत का? तिला खरंच काही माहीत नव्हतं. फोन लावला तर बंद. गल्लीत सर्वांत आधी मोबाईल घेणाऱ्या माणसाचा फोन त्या दिवशी बंद.

मी परत आलो तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "जाऊ दे. शब्द गेलाय आपला. आता हे पासाचं तिकडं कुणीबी बोलायचं नाय." मनीषानं ते ऐकलं. तिनं गुणपत्रिकेची घडी घातली आणि आईच्या ट्रंकेत ठेवून दिली. मी आबांशी भांडलो, खूप भांडलो. त्यांनी ऐकलं नाही.

लग्नाला तो आला नाही. बायकोच्या हाती आहेर पाठवला. नवा मोबाईल, इंटरनेटची सेटिंग करून. मी तो तिच्या देखत परत केला. ती बिचारी गोरीमोरी झाली, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मग काय, दिवस गेले. माझी केबिन भंगारात गेली आणि त्याच जागेत मी मोबाईल रिचार्जचं दुकान टाकलं. हसा, खुशाल हसा. फोन सगळ्यांच्या हातात आले, इंटरनेट पाणीपुरीवाल्याकडेही आलं आणि गच्चीखालची गर्दी एक दिवस आटून गेली. त्याला कुणी काही विचारीना. माझ्या दुकानात तो रिचार्जला यायचा. काउंटरपाशी गरजेपेक्षा जास्त उभा राहायचा, कव्हरं चाळायचा, एखादं वाक्य जुळवायचा. "हल्लीच्या फोनची बॅटरी..." वगैरे. मी नंबर विचारायचो, रिचार्ज मारायचो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचो. मनीषा कशी आहे हे त्यानं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. पण विचारायला हवं होतं.

मागच्या वर्षी तो गेला. झोपेतच गेला म्हणे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही रीत मलाही शिकवली आहे. मी ती पाळत नाही. सुट्टीत मनीषा माहेरी आली तेव्हा मी तिला पहिली बातमी हीच दिली आणि माझ्या आवाजात काय होतं ते तिला कळलं असणार. दुपारी ती उठली आणि त्याच्या घरी भेटायला गेली.

मी चिडलो. निघायच्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा बाकावर बसल्यावर विचारलंच. तिथं जायची काय गरज होती तुला?

ती म्हणाली, "तो देवळ्याला यायचा, दादा. आमच्या घरी."

मला हे नवीन होतं. औषधांच्या टूरवर आला की तो तिच्या दारात मोटारसायकल लावायचा. पडवीत बसायचा, सासूबाईंशी कांद्याच्या भावाच्या, पिकावरच्या करपा रोगाच्या गोष्टी करायचा. चहा व्हायचा. मनीषा दाराआड उभी राहायची. तो कशाला आलाय ते तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. आज बोलेल, आत्ता बोलेल, म्हणून ती कान देऊन उभी असायची. एकदा सासूबाई त्याच्यादेखत म्हणाल्या, हिला हिशोब विचारू नका, बारावी नापास आहे ती. तुम्हीच तर सांगितलं होतं सुपारीला. त्यानं बशीत चहा ओतला, प्यायला आणि निघून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. पुन्हा तसाच गेला.

माझ्या तोंडातून शिवी निघाली. शेजारची बाई वळून बघायला लागली. मी म्हटलं, तू का नाही बोललीस? गुणपत्रिका होती ना घरात.

"मी बोलले असते तर आबांनी लपवलं असं झालं असतं. तो बोलला असता तर सगळं त्याच्या एकट्यावर आलं असतं. ते त्यालाही माहीत होतं."

मी म्हटलं, आता तर आबाही नाहीत. आता सांगून टाक. मी येतो तुझ्याबरोबर, मी सांगतो.

तिनं बाकावरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, तिची मुलगी यंदा बारावीला आहे, फिजिक्स अडलं की वडिलांकडे जाते. कारण आजीनं तिला लहानपणापासून सांगितलंय, आईला त्यातलं येत नाही. येतं, असं म्हणावं तर मुलगी विचारणार, मग नापास कशी झालीस? आणि त्याचं खरं उत्तर दिलं की आबांचं नाव निघणार. "गेलेल्या आबांना मी त्या घरात खोटं पाडू का, दादा?"

देवळ्याची एसटी लागली. तिनं पिशवी उचलली, पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "एकदा तोंड उघडलं असतं ना त्यानं, तर त्या घरात मी पास झाले असते."

कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी सुटली.